शंभराला पाच

उचगावात माझ्या सव्वादोनशे कोंबड्या.
सोयापेंड महागली तेव्हा बसलिंगप्पा म्हणाला,
"अक्का, मीन-पुडी घाला की. शंभराला पाच.
जास्ती नको बघा."

मी आठ घातली.

आंबोली घाटानं चढून आलेलं पोतं,
तोंड सोडलं तर शेडभर वेंगुर्ला.

पंधरवड्यात पिसं तुकतुकली,
पातळ कवचाची अंडी बंद झाली,
एकमेकींची शेपटं टोचून रक्त काढणंही.
वहीत लाल पेन ठेवून
मी निळं घेतलं.

मग कॅम्पातल्या बेकरीतून परेरांचा फोन:
"बाई, केकला बांगड्याचा वास येतोय."

एक अंडं फोडून हुंगलं.
खरंच.
पिवळ्यात कुठंतरी होड्या लागल्या होत्या.

आता पाचच. बाकी शेंगेची पेंड.
बसलिंगप्पा तिला हिंडी म्हणतो,
मी पेंड.
कोंबड्या दोघांच्याही
हाताकडेच बघतात.

फक्त ती एक, उघड्या मानेची,
रिकामं पोतं अजून उकरत बसते,
शिवणीत अडकलेल्या खवल्यासाठी.

धुवायला काढलं होतं ते पोतं.
तसंच ठेवलंय.