शनिवारची तीन प्रकरणं

गोडी छाटणीच्या दिवसांत मी कादंबरी पुरी केली.
दोनशे दहा पानं, निळी शाई,
रविवार शाळेच्या जुन्या हजेरीपत्रकांच्या
मागच्या कोऱ्या बाजू.
एक राज्य, जिथं वेलींना खडे लागतात.
चौदा वर्षांची एक पोर, दप्तरात ड्रॅगनचं अंडं.
आणि कात्री घेऊन फिरणारा एक माणूस,
ज्याला सगळे वैरी समजतात,
कारण तो हिरवं असतं तेच आधी कापतो.

मेनरोडवरचे प्रकाशक, चष्मा कपाळावर:
"जादू झकास जमलीय, बाई.
तो कात्रीवाला मात्र फार चर्चमधला वाटतो.
जरा कमी करा."

शरणपूरला आले, तर पाळकसाहेबांनी
वही दोन बोटांत धरून परत केली,
जणू अंडं तिच्यातच आहे:
"कात्रीवाल्याला ओळखलं मी, एस्तेरबाई.
बरं वाटलं. पण हा ड्रॅगन कशाला?"

रिक्षात हिशेब केला.
एकासाठी देव वजा, दुसऱ्यासाठी ड्रॅगन वजा,
बाकी उरते एक पोर
रिकामं दप्तर घेऊन नासर्डीच्या पुलावर.

तशी एक घरात होतीच.
केजिया, माझ्या भावाची.
भाऊ नोटांच्या प्रेसमध्ये.
गेल्या वर्षी सत्तावीस दिवस सिव्हिलमध्ये होता,
अख्खी मंडळी गुडघ्यांवर,
अठ्ठाविसाव्या दिवशी आम्ही उठलो,
तो नाही.

तिनं गच्चीवर, टाकीच्या सावलीत
एका दमात सगळं वाचलं.
खाली आली ती शेंगदाण्याची टरफलं झटकत.
"आत्या, एकोणिसाव्यात तो मरतो."
हो.
"विसाव्यात उठतो."
हो.
"मध्ये काय आहे?"
मध्ये काय असणार, म्हटलं, पान उलटायचं.
ती अंगठ्याचं साल सोलत राहिली.
"पप्पांचं पान कुणी उलटलंच नाही."

मग दारातून, पाठमोरी:
"आणि तुझी ती मुलगी मंत्रानं कुलूप उघडते,
मग प्रार्थना कशाला करते?
प्रार्थनेनं उघडत असतं
तर मंत्र कशाला लागला असता?"

चाळीस वर्षं शिकवते आहे.
याची उत्तरं आहेत माझ्याकडं, पाठ आहेत,
रंगीत चित्रांसकट.
एकही काढलं नाही.

रविवारी उपासना झाल्यावर
मोहाडीला शांतवनदादाच्या बागेत गेलो.
नुसत्या काड्या, तारेला बांधलेल्या.
कापलेल्या टोकांतून टिप टिप पाणी.
"रडते का ही?" केजियानं विचारलं.
दादा पेस्टचा ब्रश बादलीत बुडवत म्हणाला,
"येतं पाणी थोडे दिवस. पुसायचं नाही.
डोळे फुटायला वेळ लागतो."

घरी येऊन एकोणीस आणि विसाच्या मध्ये
मी शनिवार लिहायला घेतला.
एक प्रकरण, दोन, तीन.
त्यांत काही घडत नाही.
मंत्र म्हटला, दार बंद.
प्रार्थना केली, दार बंद.
अंडं गार पडत जातं,
ती तरी ते काखेत धरून बसते.
कुणीतरी भाकरी ठेवून जातं, नाव न सांगता.
कात्री गवतात पडलेली, तिच्यावर दव.

केजियानं समासात पेन्सिलीनं लिहिलं:
अजून लांबव.
आणि पुढं: अंडं फोडू नकोस एवढ्यात.

प्रकाशकांचा फोन आला, कुठवर आलं?
शनिवार चालू आहे, म्हटलं.
आज तर बुधवार, ते म्हणाले.

काल रात्री तिनं दुसऱ्या प्रकरणाचं पान
सहज उलटं केलं.
एकोणीसशे चौऱ्याऐंशी, माझंच कोवळं अक्षर,
रकान्यात तिच्या बापाचं नाव, वय नऊ,
पुढं ओळीनं ह, ह, ह, ह,
मग एक टिंब.
टिंबावर बोट ठेवलं तिनं.
"या दिवशी कुठं होते?"
गंगेवर. पोहायला पळाला होता.
ओले केस घेऊन आला आणि मार खाल्ला.

ती हसली. किती महिन्यांनी, मोजलं नाही.
"मग हे घाल," म्हणाली,
"शनिवारात.
कुणीतरी पोहायला गेलेलं असतं."