चार बोटं हवा

मंगळवारी मोरबेची लाइन बंद होती.
बुधवारी सकाळी माझी बादली रिकामी.

आदल्या रात्री मीच भरलेली, काठोकाठ:
निंबोळी पेंड, शेण, मूठभर गूळ.
पाइपचं तोंड आत बुडलेलं
आणि चावी तशीच उघडी.
गळती नाही. फरशी कोरडी.
मांजर काही निंबोळी पेंड पिणार नाही.

बेलापूर, सेक्टर आठ. रो-हाउस अकरा आणि बारा,
दोघांना मिळून एक जोडणी.
भिंतीपलीकडून कारखानीसबाई:
"अहो, तुमच्याकडेही पाणी पिवळं का?
चहाला गोठ्याचा वास मारतोय."
कॉर्पोरेशन, मी म्हणालो.
एवढा एकच शब्द.
त्या फोन करायला आत गेल्या.

दुपारी दिवाळ्याहून हिराजी म्हात्रे आला,
स्कूटरला पान्यांची पिशवी.
बादली पाहिली, पाइप पाहिला, मग मला.
"काका, नळाला पण तहान लागते.
खाली लाइन रिकामी झाली की उलटा ओढतो,
तोंडाशी असेल ते."

साठ वर्षं रोज म्हणत आलो, पाणी आलं, पाणी गेलं.
कुठे गेलं,
हे कधी विचारलं नव्हतं.

त्याने पितळी व्हॉल्व्ह बसवला,
सगळ्यात उंच कुंडीच्याही वीतभर वर,
बाण बागेकडे.
"हा उलटा लागला तर झाडं मरतील.
लागलाच नाही तर शेजारी."
तो हसला.
"आणि तोंड बुडवायचं नाय. चार बोटं हवा सोडायची मधे.
हवा ओलांडून पाणी माघारी जात नाय."
साडेआठशे. दरवर्षी तपासायचा, रबर कडक होतं.

संध्याकाळी ठिबक बंद केलं
तेव्हा व्हॉल्व्ह आतून टक् म्हणाला,
कुणी हळूच कडी घालावी तसा.

तोंडल्यांची पिशवी घेऊन बारा नंबरला गेलो.
बाईंनी हंडे-कळश्या उपसून घासलेल्या,
कमरेवर हात,
तक्रार क्रमांक कॅलेंडरवर लिहिलेला.
"ते कॉर्पोरेशन नव्हतं," म्हणालो.
मग बादली, गूळ, सगळंच.

त्या काही बोलल्या नाहीत.
तोंडलीही घेतली नाहीत.
आत गेल्या, नळ सोडल्याचा आवाज आला,
पेला माझ्यापुढे ठेवला.
"आधी तुम्ही प्या."

प्यायलो.
गूळ होता अजून, जिभेच्या पार मागे,
किंवा तो माझाच असेल.