प अक्षरापाशी

तीन दिवस झाले, बंदर बंद आहे.
समुद्रावर धुकं, ओल्या घोंगडीसारखं जड,
आणि पाद्री पलीकडच्या बेटावर अडकलाय.
एरवीही तो वर्षातून दोनदाच येतो.
देवळाची किल्ली माझ्याकडे असते.

म्हातारे एर्मोहेनेस जाताना
ती माझ्या तळहातावर ठेवून गेले.
"आता फिस्काल तू," एवढंच म्हणाले.
मला वाटलं, ताप डोक्यात गेलाय.
आमच्या चिलोएच्या बेटांवर पाद्री नसला
की प्रार्थना फिस्काल सांगतो,
मेलेल्याला मातीपर्यंत तोच पोचवतो.
त्याला जीभ लागते.

माझी जीभ प वर अडते.
पाव मागायचा तर मी बोट दाखवते.
नवऱ्याचं नाव पातरिसिओ,
सगळा संसार 'ऐक ना' वर निभावला.
शाळेत बाई माझी वाक्यं पुरी करायच्या,
मग दुकानदार, मग तो,
आणि पुरं झालेलं वाक्य कधीच
मला म्हणायचं होतं ते नसायचं.

आज निबाल्दो.
बावीस वर्षांचा, शिंपल्यांच्या दोरांखाली उतरलेला,
हवेची नळी वर तशीच तरंगत राहिली.
मी शेडमध्ये तेच शिंपले निवडते.

काल रात्री चुलीपुढे बसून
मी देवाला सरळ सांगितलं, दुसरं कुणी बघ.
एर्सिराचा मुलगा आहे,
तिच्या एकुलत्या एका दिवशी
माझं अडखळणं नको.
(देवापुढे मी अडखळत नाही.
तो वाक्यं पुरी करत नाही, म्हणून असेल.)

मग आठवली ती रात्र, त्याचीच,
झाडांमध्ये, तोंड मातीला लावून,
हा प्याला नको म्हणणारा तो,
आणि सोबती घोरतायत.
लहानपणापासून ऐकत आले,
काल पहिल्यांदा कानात गेलं:
घाम त्यालाही फुटला होता.
उठताना त्यानं गुडघ्यांवरची माती झटकली असेल का?
की तशीच घेऊन गेला?

उत्तर काही आलं नाही.
पातेल्यातले शिंपले तेवढे
एकेक करून उघडले, वाफेनं,
कुणी सुरी न लावता.

देऊळ लाकडाचं, आतून पालथ्या होडीसारखं.
गावातली सगळी माणसं तिच्या पोटात,
ओल्या लोकरीचा वास,
आणि पुढच्या बाकावर एर्सिरा,
हातात त्याची टोपी.
माझे पाय खरंच थरथरत होते, आजीच्या गोष्टीतल्यासारखे नाही,
गुडघ्यावर गुडघा आपटत होता.

पहिला शब्दच 'पित्या'.

ओठ मिटले. मिटलेच राहिले.
प म्हणायला आधी दार लावावं लागतं,
मग ते उघडावं लागतं.
माझं लागलं.
शेगडीत लाकूड तडकलं एकदा.
कुणीतरी मागे घसा साफ केला; मी म्हटलं, आता,
आता कुणीतरी माझ्याऐवजी म्हणणार.

कुणी म्हटलं नाही.
एर्सिरानं मान वर केली
आणि स्वतःचे ओठ मिटले.
माझ्यासारखे, घट्ट.
मग तिच्या शेजारणीनं, मग होडीवाल्यानं,
मग ज्यांनी शाळेत मला हसून हसून रडवलं होतं त्यांनीही.
सगळं देऊळ एका न म्हटलेल्या अक्षरापाशी
थांबून राहिलं.
लाकूड दुसऱ्यांदा तडकलं.

कधी सुटला प, सांगता येणार नाही.
त्याच्यामागून आला 'पित्या',
मग 'स्वर्गातील', सहज,
मग 'रोजची भाकर', जी मला कधीच मागता आली नव्हती.
चार वेळा पुन्हा अडले. चार वेळा थांबले ते.
माती टाकून झाल्यावर एर्सिरा म्हणाली,
"लांब लागलं ते बरं झालं.
मला एवढ्यात सोडायचं नव्हतं त्याला."

आज सकाळी फोनवर कारकुनानं विचारलं,
बंदर उघडलं, पाद्री येतायत, कोण बोलतंय?
मी प-प-प करत राहिले. त्यानं ठेवून दिला.
हात कापत होता.
तरी खिशातल्या किल्लीवर बोटं होती माझी,
आणि मी पुन्हा नंबर फिरवला.