समासातलं 'हं'

ओगलेबाईंनी लिफाफा दारातूनच दिला.
"वाचलंय. सगळं पेन्सिलनं आहे, खोडता येईल."
आत कुकरची शिट्टी झाली, त्या गेल्या.

दोन जिने मी धीर धरला.
तळमजल्यावर, मीटरच्या पेट्यांखाली, उघडला.

चौसष्ट पानं. एकही सुटलेलं नाही.
बारीक, सभ्य रेघा,
शेवग्याच्या शेंगेची शीर ओढून काढावी तशा.
माझे 'जणू' सगळे गेले होते. एकोणीस होते, मोजले.
पाऊस होता तिथं: 'पुन्हा?'
आईचे डोळे भरून आले तिथं: 'हे वाचणाऱ्यावर सोडा.'

मी मनात पत्र लिहायला घेतलं.
'आदरणीय ओगलेबाई' अशी सुरुवात केली,
गरुड गणपतीपाशी 'आदरणीय' गळलं,
भिडे पुलाच्या तोंडाशी 'बाई'सुद्धा.
'तुम्ही स्वतः काय लिहिलंय?'
हे वाक्य प्रत्येक लिहिणाऱ्यापाशी तयार असतं,
शर्टाच्या खिशातल्या सुट्ट्या नाण्यासारखं.
मीही ते दोनदा वाजवून पाहिलं.

मग कठड्याशी. लिफाफा पाण्यात सोडावा असं आलं मनात.
मुठा जणू
नाही.
मुठा. घोटाभर पाणी, जलपर्णी, एक चप्पल.
पडला असता तर चिखलात पडला असता, उताणा,
आणि येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचला असता, रेघांसकट.
काखेत मारला आणि बस पकडली.

सकाळी आठ. औंध, आयटीआय, टर्नर शॉप.
रेहान बागवान जॉब घेऊन उभा.
"सर, झाला."
व्हर्नियर लावला. दोन दशांश जास्त.
"काढ."
"दिसत पण नाही सर एवढं."
"दिसायचं नाहीये. त्याला बुशमध्ये जायचंय.
तो काय एकटाच राहणार आहे?"

बोललो, आणि हातातला व्हर्नियर उगाच पुसत राहिलो.
पोरानं माझ्याकडे पाहिलं.
ओठांवर नाणं वाजलं त्याच्या, मला ऐकू आलं.
मग चक फिरला, टूल टेकलं,
निळसर, गुंडाळलेला, देखणा किस निघत गेला.
तोही लोखंडच होता. खोटा नव्हता.
ट्रेमध्ये पडला.
इतकी वर्षं तो मी झाडूनं गोळा करायला लावतोय.

रात्री बसलो. 'जणू' जाऊ दिले.
पाऊस एक ठेवला, तीन काढले.
आईचे डोळे कोरडे केले तेव्हा ती जास्तच रडली,
हे मला आवडलं नाही, पण खरं होतं.
सदतिसाव्या पानावर मात्र अडलो.
'दादांनी दार आतून लावलं.' त्यावर रेघ.
रबर घेतलं, घासलं.
खोडता येईल म्हणाल्या होत्या.
शिसं जातं. खाच राहते.

फोन केला. "सदतिसावरचं वाक्य ठेवलंय."
"का?"
"सांगता येत नाही."
"मग राहू दे," म्हणाल्या. "त्याच्या वरचा परिच्छेद काढा.
दार लागणार हे तो आधीच सांगून बसतो."
तो माझा सगळ्यात लाडका.
"बघतो," म्हणालो.
अजून बघतोय.

आणि बावन्नावं पान.
त्यावर रेघ नाही, प्रश्न नाही, बाण नाही.
समासात फक्त: 'हं.'

उज्ज्वलाला दाखवलं. म्हणाली, "आवडलंय त्यांना."
वेल्डिंगचे साळुंके म्हणाले, "छे, आवडलं असतं तर बोलल्या असत्या.
पुण्यात 'हं' म्हणजे 'बरंय', आणि 'बरंय' म्हणजे…"
तेवढ्यात घंटा झाली.

विचारता येईल. नंबर आहे.
गठ्ठा परत द्यायच्या दिवशी रबर हातात होतं,
सगळी पानं स्वच्छ करून दिली.
बावन्नावं तेवढं कोपऱ्यावरच्या दुकानात नेलं,
"एकच?" दुकानदारानं विचारलं.
एकच. झेरॉक्स. दोन रुपये.