झे. बदली

मी स्कोअरर. पेन्सिल माझी, वही जिमखान्याची,
म्हणून जे सांगतो ते आकड्यांनिशी:
नेमगोंडा आदगोंडा चौगुले, हरिपूर.
डावखुरा, संथ गोलंदाज.
एकोणपन्नास ते बासष्ट, चारशे अकरा बळी,
सगळे मॅटिंगवर,
सगळे सांगली, मिरज, तासगाव, फार तर कऱ्हाड.
त्यापलीकडचं मैदान त्यानं एकदाच पाहिलं.
ते पुढे येईल.

पोटासाठी गणपती पेठेत तोलार.
दिवसभर हळदीची पोती काट्यावर,
संध्याकाळी पिवळी बोटं घेऊन नेटमध्ये.
दहाव्या ओव्हरला चेंडूची शिवण पिवळी पडायची.
मिरजेच्या रेल्वेवाल्यांनी एकदा तक्रार केली.
अंपायरनं चेंडू नाकाशी नेला, म्हणाला,
"हळद लागलीय पोराला. खेळा."

उंची द्यायला तो पेवावर शिकला.
पेव उघडलं की माणूस लगेच उतरत नाही.
आधी कंदील सोडायचा, दोरानं, सावकाश.
ज्योत राहिली तर माणूस.
विझली तर वरच थांबायचं.
नेमू चेंडू तसा सोडायचा
आणि वाकून बघत राहायचा
खाली काय होतंय ते.
बहुतेक विझायचे.

दोषही लिहितो, वहीत दोष लपवत नाहीत:
फलंदाजी शून्य. पळणं बैलाचं.
आणि सूर्य बुडायच्या आत जेवायचं
हा आईला दिलेला शब्द,
त्यामुळे शेवटच्या ओव्हरी घाईत,
त्या घाईत खाल्लेले चौकार
माझ्याकडे वेगळे मोजून ठेवलेले होते. एकशे तीस.
मिळकत म्हणाल तर भडंग, चहा,
आणि कऱ्हाडचा एक पितळी तांब्या.

छप्पन साली पुण्याहून तार आली.
बारावा माणूस.
शेठनं रजा दिली, पगार कापून.
बहिणीनं शिवलेल्या पांढऱ्या पँटला
एकच खिसा, तोही उजवीकडे.
स्टेशनवर आम्ही सातजण. हार आणायचा राहिला.

दीड दिवस त्यानं पाणी नेलं, ग्लोव्हज नेले.
मग चहानंतर कुणाचा तरी घोटा मुरगळला
आणि नेमू आत गेला. मिडविकेट. चार ओव्हर.
एक चेंडू उंच गेला, उन्हात गेला,
आणि खाली आला तेव्हा त्याच्या हातात होता.

वाचनालयात मी पेपर उलगडला.
बारीक टाइपात: झे. बदली.
नाव नाही. नियमच तसा.
मीही तेच लिहीत आलो होतो,
कुणाकुणाच्या झेलापुढे, पेन्सिल न उचलता.

परत आल्यावर त्यानं विचारलं नाही.
सोमवारी पोती.
मी मात्र बदली माणसाचं नाव लिहू लागलो,
कंसात, बारीक.
सेक्रेटरी ओरडला, वही तुझी नाही.
खरंच होतं ते.

बासष्टला खांदा गेला. मग लग्न, मुलं,
मग नातवंडं, जी टीव्हीवर मॅच लावायची
आणि त्याला म्हणायची, आजोबा, सरका.

पाचच्या पुरात कृष्णा पेवांत उतरली.
हळद कुजली. वास महिनाभर गेला नाही.
जिमखान्याचं कपाट उघडलं
तर वह्यांची नुसती लापशी.
त्याच्या ओसरीवर अजून गाळ होता.
म्हटलं, नेमू, तुझे चारशे अकरा वाहून गेले रे.
"बारा," तो म्हणाला.

म्हटलं, झेल बळीत धरत नाहीत.
म्हटलं, बोलर दुसराच होता.
"तू लिही की."

वही कुठली आता.
भिंतीवर छातीइतक्या उंचीला पुराची रेघ होती.
तिच्या वर, कोरड्या चुन्यावर, मी लिहिलं.
चुना दमट निघाला,
टोक मोडलं,
एक उमटला, दोनाची शेपटी राहिली.