लाल दोऱ्याचे आकडे

उंड्रीच्या पुढे, पिसोळीच्या डोंगराआड,
पत्र्याच्या शेडमध्ये धुतल्या जातात
शहरातल्या सोळा हॉटेलांच्या चादरी.
प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याने
आकडा शिवलेला. एक जरी हरवली
तर मला रात्री अकराला फोन येतो.

मी हिशेब लिहिते. वह्या दोन.
निळीत आम्ही सात जण, आडनावांसकट, पीएफ कापलेले.
दुसरी शाळेची, दोनशे पानी, वर मोराचं चित्र.
तिच्यात नुसती हाकेची नावं:
मर्जिना, छोटा, बडी आपा, लंबू.
पेन्सिलीने लिहा, शेठ म्हणाले होते,
खोडायला बरं पडतं.

मर्जिना इस्त्रीच्या रोलरवर.
गाव विचारलं तर "मालदा" म्हणायची,
पढवलेला पाढा म्हणावा तशी, खाली बघून.
मी परत विचारलं नाही.
माझी आमटी चाखून एकदा म्हणाली,
इतकी गोड? घरात कुणी आजारी आहे का?

एप्रिलात रोलरने तिचा हात आत घेतला,
मनगटापर्यंत.
दवाखान्यात कागद मागतात, म्हणून
छोट्याला पाठवून मलम आणवलं.
पावती आणू नकोस, असंही सांगितलं.

तिसऱ्या दिवशी ती पगार मागायला आली. तीन महिन्यांचा.
हाताला टॉवेल गुंडाळलेला, आमच्याच धुण्यातला.
शेठ आवाज चढवत नाहीत कधी.
त्यांनी फोन टेबलावर ठेवला, तिच्याकडे सरकवला.
"चौकीचा नंबर मी लावू, का तू लावतेस, बाई?"
बाई, असं मऊ म्हणाले.
मी कॅल्क्युलेटरवर उगीच बटणं दाबत बसले.

सोमवारी तिच्या जागी दुसरी कुणी होती.
मोराच्या वहीतलं नाव मी खोडलं,
खोडरबराचा चुरा फुंकून टाकला.

मग हॉटेलचं पत्र आलं:
चादर चारशे बारा, रक्ताचा डाग, भरपाई द्या.
हॉटेलचा मामला, नोंद पक्क्या वहीत हवी.
मी बॉलपेन घेतलं आणि लिहिलं:
नग ४१२. डाग. वजा तीनशे साठ. मर्जिना.
आडनावाचा रकाना तसाच राहिला.

अख्ख्या पुण्यात तिचं नाव शाईने
बहुतेक एवढ्या एकाच जागी असेल.
त्या पानाचा फोटो माझ्या मोबाइलमध्ये आहे,
भाचीचं बारसं आणि गॅसची पावती यांच्या मध्ये.
कुणाला पाठवायचा, ते मी रात्री ठरवते.
सकाळी पावणेनऊची बस पकडते.