आगरवाड्याचं मानस

पहिल्या वर्षी आम्हाला एकाच वर्गात बसवलं,
परीक्षानळीवाले आणि पोथीवाले.
शुक्रवारचे दोन तास वेळापत्रकात कोरे होते,
त्या चौकटीत कुणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं:
पिकनिक?

मार्चमध्ये म्हापशाहून कदंबा,
मग शापोऱ्याच्या काठानं पायी.
माझ्या पिशवीत खारटपणा मोजायची काचेची नळी,
टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी.
शेवंती गावसच्या हातात नुसती वही.
तिनं शब्द वेचायचे, मी अंश मोजायचे.
खरं सांगतो, मनातून बरं वाटलं होतं
की दोघांत खरं काम माझं आहे.

बांधावर सगुणबाब,
गुडघ्यापर्यंत वाळलेला करडा चिखल.
लाकडी झडपेवर थाप मारून म्हणाले, "हें मानस."
शेवंती थबकली.
मानस? म्हणजे मन?
"मन न्हय गो बाय. दार."

भरतीला आपसूक मिटतं,
ओहोटीला आपसूक उघडतं,
माणसानं हात लावायचा नाही.
मी उकिडवा बसलो,
दोन्ही अंगांच्या पाण्याची उंची, दाबातला फरक,
काडीनं चिखलात बाण काढत गेलो.
ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली,
बाहेरचं चढलं की मिटायचं,
आतलं जास्त झालं की उघडायचं,
आणि हे म्हणतात मन नव्हे.
तिची सावली माझ्या बाणांवर पडली होती.
एकही बाण चुकला नव्हता.

शेवटच्या वाफ्यात नळीनं तेवीस दाखवले.
पंचवीस लागतात, मी पाठ केलेलं.
सगुणबाबनी नुसता पंजा बुडवला,
बोटं एकमेकांवर घासली:
"आजून ना. फाल्यां."
कसं कळलं, विचारलं तर हसले,
आणि तोच ओला हात माझ्या हातात दिला.
काहीतरी जड, तेलकट,
सुटता सुटेना असं.
वहीत त्याला काय लिहू?
शेवंतीकडे बघितलं, तर तिची वही बंद,
ती वेगळंच विचारत होती:
किती घरं करायची हे, पूर्वी?

ते बोटांवर घराण्यांची नावं घेऊ लागले.
दोन्ही हात संपले, पुन्हा पहिल्या बोटावर आले.
आणि आता?
त्यांनी एक अंगठा दाखवला.
पलीकडे सोडून दिलेल्या आगरांत
चिपीची झाडं माजली होती, बगळे होते, छान दिसत होतं.

परतीच्या बसमध्ये तिनं माझ्याकडून आलेखाचा कागद मागितला.
आडव्या रेघेवर वर्षं, उभ्यावर घरं.
रेघ कशी खाली येते ते मी दाखवलं,
ती का खाली येते ते ती सांगत राहिली, शिवोलीपर्यंत.
मी तिच्या वहीत एक शब्द लिहिला,
खोडला, परत लिहिला.

प्रकल्पाची फाइल अजून
कुतिन्हो सरांच्या टेबलावरून मडकईकर मॅडमच्या टेबलावर जाते,
तिथून परत येते.
गुण कुठल्या विषयात धरायचे ते ठरत नाही.
शेवटच्या पानावर चिकटवलेलं चिमूटभर मीठ
तेवढ्यात ओल धरून बसलंय.

घरी बाबांनी विचारलं,
हे कुठल्या पेपरला येतं?
मी गप्प राहिलो.
बाहेरचं पाणी चढलेलं होतं.

रात्री जेवणं आटोपली,
बातम्या बंद करून ते बाल्कनीत एकटेच बसले,
तेव्हा मी खुर्ची ओढली
आणि त्यांना एका दाराबद्दल
सांगायला लागलो.